अडकण्याआधी सुटायला शिका

आपल्या मासिकाच्या मराठी पानावर गड येतात, पाऊस येतो, आईच्या हातची पुरणपोळी येते. मी सायकलच्या पेडलवर लिहिणार आहे असं प्रेपच्या वेळी सांगितलं, तेव्हा डॉर्ममध्ये हशा पिकला. "त्यात काय लिहिणार? पाय ठेवायचा आणि मारायचं," शेजारच्या पलंगावरचा मित्र म्हणाला. गेल्या मे महिन्यापर्यंत मलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर पेडलने मला दोनदा धडा शिकवला. पहिल्या धड्यात कोपर सोलवटलं. दुसऱ्या धड्यात गुडघा गेला, आणि त्या गुडघ्यापायी मी हाउसशी खोटं बोललो. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोड सायकलसाठी क्लिपलेस पेडल निवडताना पाय किती घट्ट बसतो हे सगळ्यात शेवटी बघा. पाय किती सहज सुटतो आणि बसलेला असताना किती मोकळा हलतो, हे आधी बघा. आपल्यातले बहुतेक जण नेमकं उलट करतात. मीही केलं.

ज्यांनी हे पेडल पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'क्लिपलेस' हे नाव फसवं आहे. नावात क्लिप नाही, पण बूट मात्र 'खट्' आवाज करून पेडलमध्ये अडकतो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलला पुढे एक लोखंडी पिंजरा असे, त्याला टो-क्लिप म्हणत. त्यात बुटाचं टोक घालायचं आणि वरून चामडी पट्टा आवळायचा. थांबायचं असेल तर चालत्या सायकलवर खाली वाकून हाताने तो पट्टा सैल करायचा. नव्या पेडलमध्ये हा पिंजरा नव्हता, म्हणून ते 'क्लिपलेस' झालं. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाचा एक तुकडा स्क्रूने बसवतात. तो पेडलमधल्या स्प्रिंगच्या पकडीत बसतो. पुढचं टोक आत सरकवून खाली दाबलं की पाय अडकतो, आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटतो.

याचा इतिहास मला फार आवडला. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट जोडणारी बांधणी बनवायची. त्या बांधणीची खरी गंमत अशी, की माणूस पडला की बूट आपोआप सुटतो, नाहीतर लांबलचक स्कीमुळे पाय पिळवटून मोडेल. हीच कल्पना कंपनीने १९८४ मध्ये सायकलच्या पेडलला लावली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड इनॉ ही पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला. ती त्याची पाचवी टूर होती. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींमधून चामडी पट्टे दिसेनासे झाले. म्हणजे बघा, हे पेडल जन्माला आलं ते सुटण्याच्या कल्पनेतून. आपण मात्र ते विकत घेताना फक्त अडकण्याचा विचार करतो.

आता माझी गोष्ट. बाबांच्या नोकरीमुळे आमचं घर गुरुग्रामला आहे. मी वर्षभर इथे शाळेत आणि सुटीत तिकडे. लहानपणी रविवारी सकाळी गाड्यांना बंद केलेल्या रस्त्यावर बाबा मला सायकल चालवायला न्यायचे. त्या उपक्रमाचं नाव राहगीरी. तो गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाला आणि नंतर इतर शहरांत पसरला. एरवी हे शहर सायकलवाल्यांचं नाही. गोल्फ कोर्स रोडला इतके भुयारी मार्ग आहेत की गाड्या थांबतच नाहीत, आणि कडेने जाणाऱ्या सायकलकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून सायकलवाले पहाटे साडेचार-पाचला निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे दुसरा इलाजही नाही. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर, ग्वाल पहाडीच्या बाजूला अरवलीचे चढउतार आहेत. आपल्या सह्याद्रीपुढे त्या टेकड्या म्हणजे ठेंगणं-ठुसकं प्रकरण, पण सपाट दिल्लीकरांना तोच घाट.

दहावीत गेल्याबद्दल बाबांनी मला जुनी, पण चांगली रोड सायकल घेऊन दिली. तिला साधी सपाट पेडल होती. पहिल्याच रविवारी सोसायटीतल्या सायकल ग्रुपबरोबर गेलो, तर माझ्या एकट्याच्या पायात पीटी शूज. बाकी सगळ्यांचे बूट खट् खट् अडकत होते. त्या आवाजाने मला वेड लावलं. पुढचे आठ दिवस मी घरात दुसरा विषय काढला नाही. बाबा म्हणाले, "अरे, आधी सायकल हाताशी येऊ दे." मी म्हणालो, "बाबा, सगळे हेच वापरतात." शेवटी बूट आणि पेडल मिळून १२,००० रुपये खर्च झाले. आईने त्या महिन्यात स्वतःसाठी घ्यायची असलेली एक वस्तू पुढे ढकलली. हे मला नंतर कळलं.

क्लिपलेस पेडलचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला तीन स्क्रूंचा. त्याची क्लीट मोठी, प्लॅस्टिकची आणि बुटाच्या तळव्याबाहेर आलेली असते. पेडल एकाच बाजूने पकडतं. हा शर्यतीचा प्रकार. लूकचा आणि शिमानोचा एसपीडी-एसएल हे यातले. दुसरा दोन स्क्रूंचा. त्याची क्लीट छोटी, पोलादी आणि तळव्याच्या खाचेत लपलेली असते, त्यामुळे साध्या बुटासारखं चालता येतं. पेडल बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी पकडतं, म्हणून खाली न बघता पाय बसतो. शिमानोने १९९० मध्ये एसपीडी या नावाने हा प्रकार आणला, तो डोंगरातल्या सायकलींसाठी. मी अर्थातच पहिला प्रकार घेतला. का? तर टीव्हीवर शर्यतीत तोच दिसतो. माझा रस्ता कुठला, मी किती वेळा थांबतो, किती चालतो, यातलं काहीही मी विचारात घेतलं नव्हतं.

पहिला धडा तिसऱ्याच दिवशी मिळाला. पहाटे सव्वापाचची वेळ, ग्वाल पहाडीच्या आधीचा चढ, मी पुढे आणि बाबा त्यांच्या सायकलवर मागे. झुडपातून एक कुत्रा धावत आडवा आला. मी ब्रेक दाबले. सायकल थांबली आणि मी सवयीप्रमाणे पाय मागे आणि वर ओढला, जसा सपाट पेडलवरून काढतो तसा. पाय निघाला नाही. टाच बाहेर फिरवायची हे मला पाठ होतं, परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण घाबरल्यावर पाय डोक्याचं ऐकत नाही, सवयीचं ऐकतो. मी लाकडाच्या ओंडक्यासारखा उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला कोसळलो. मागून दुधाचा टेम्पो येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला. पुढचं चाक माझ्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर थांबलं.

खाली पडल्यावरही माझे दोन्ही पाय पेडलमध्येच होते. बाबा धावत आले. त्यांनी माझा बूट हातात धरला, टाच बाहेर फिरवली, आणि मग मी सुटलो. ते ओरडले नाहीत. टेम्पोवाल्या काकांची हात जोडून माफी मागितली आणि सायकल कडेला घेतली. घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. परेडवर शिक्षा मिळालेली चालते, तो तासभराचा रस्ता नको.

आपल्यापैकी जे घोडेस्वारी शिकतात त्यांना पहिल्या दिवसाची आठवण असेल. रायडिंगच्या उस्तादांनी घोड्यावर बसवण्याआधी रिकीब दाखवली होती. रिकिबीत पाय चवड्यापर्यंतच घालायचा, घोट्यापर्यंत कधीच नाही. कारण स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकून राहिला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. पडणं परवडतं, अडकून पडणं परवडत नाही. क्लीटसुद्धा बरोबर चवड्याखालीच बसवतात. मी दोन वर्षं रिकिबीचा धडा घेऊनही पेडल घेताना तो मला आठवला नाही.

म्हणून माझा पहिला मुद्दा: पेडल रस्ता बघून निवडा. गुरुग्रामच्या रस्त्यावर सिग्नल आहेत, गतिरोधक आहेत, उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली आहेत, कुत्री आहेत आणि अरवलीच्या भागात नीलगायही आडवी येते. हिवाळ्यात धुकं इतकं पडतं की समोरची गाडी अचानक उगवते. तिथे दर काही मिनिटांनी पाय काढावा लागतो. शिवाय अरवलीत विलायती कीकर माजलेला आहे, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. तिचे काटे टायरमध्ये घुसले की पंक्चर ठरलेलं. मग तीन स्क्रूंच्या प्लॅस्टिक क्लीटवर बदकासारखं चालत जा. क्लीट झिजते ती वेगळीच. आमच्या सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर मी त्या बुटांनी दोनदा घसरलो आणि गार्डभैयांनी हसू दाबलेलं मला दिसलं. अशा रस्त्यासाठी दोन स्क्रूंची, दोन्ही बाजूंनी पकडणारी पेडल बरी. त्यांच्या क्लीटमध्येही दोन जाती आहेत. शिमानोची एसएच ५१ फक्त टाच बाजूला फिरवल्यावर सुटते, तर एसएच ५६ इतर दिशांनी जोर लावला तरी सुटते. नवशिक्याने दुसरी घ्यावी. ज्याला शर्यतीत उतरायचं आहे, ज्याचा रस्ता लांब आणि मोकळा आहे, त्याने तीन स्क्रूंची खुशाल घ्यावीत. माझा विरोध त्या पेडलला नाही, न विचार करता घेण्याला आहे.

दुसरा धडा जास्त महाग पडला. तीन स्क्रूंच्या क्लीट रंगांवरून ओळखतात. शिमानोच्या पिवळ्या क्लीटमध्ये बसलेला पाय ६ अंशांपर्यंत इकडेतिकडे हलू शकतो, निळ्यात २ अंश, आणि लाल क्लीटमध्ये अजिबात हलत नाही. माझ्या पेडलबरोबर पिवळ्या आल्या होत्या. ग्रुपमधला एक दादा सहज म्हणाला, "पिवळ्या नवशिक्यांच्या. खरे रायडर लाल लावतात." झालं! साठवलेल्या पैशांतून मी लाल क्लीट आणल्या आणि बाबांना न सांगता बसवल्या. दोन्ही पाय नाकासमोर सरळ, एकदम शिस्तीत.

पण माझा उजवा पाय सरळ नाही. चालताना तो किंचित बाहेर फाकतो. ड्रिलमध्ये आपण सावधान उभे राहतो तेव्हा टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये ३० अंशांचा कोन असतो, तिथे हे कुणाच्या लक्षात येत नाही. पेडलवर मात्र तो पाय सरळ कोंडला गेला. घोटा हलत नाही, बूट हलत नाही, मग पीळ कुठे जाणार? गुडघ्यात. आता हिशेब करा. मिनिटाला ९० फेरे मारले तर तासाला ५,४०० होतात. दोन तासांच्या रपेटीत एक गुडघा १०,८०० वेळा वाकतो. प्रत्येक वेळी पीळ थोडासाच, पण तो दहा हजार वेळा. तीन आठवड्यांत उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या बाजूला ठणका सुरू झाला. जिना उतरताना तो जास्त जाणवायचा.

मी कुणालाही सांगितलं नाही. घरी सांगितलं असतं तर सायकल बंद झाली असती आणि १२,००० रुपयांचा विषय निघाला असता. जूनमध्ये शाळेत परतल्यावर सांगितलं असतं तर पीटीतून सूट मिळाली असती, आणि जुलैच्या अखेरीस आंतरहाउस क्रॉसकंट्री होती. हाउसच्या संघात माझं नाव होतं. शिवाय पुढे एनडीएची वैद्यकीय तपासणी आहे, गुडघ्याची नोंद नको, असंही मनात होतं. मी गोळी घेऊन धावलो. तिसऱ्या किलोमीटरला चिखलात गुडघ्याने दगा दिला. उरलेलं अंतर लंगडत काटलं आणि शेवटून दुसरा आलो. आमच्या हाउसची ट्रॉफी माझ्यामुळे गेली. माझ्या जागी राखीव असलेला नववीतला मुलगा सरावात माझ्या मागेपुढेच असायचा. तो धावला असता तर ट्रॉफी आमची होती. हाउसमास्तर सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सर, पाय मुरगळला."

खरं कारण एमआय रूममध्ये सापडलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "सुटीत नवीन काय केलंस?" मी सायकल म्हणालो. मग बूट, मग क्लीट, मग रंग. सगळं बाहेर आलं. त्यांनी महिनाभर धावणं बंद केलं आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. आता गुडघा ठीक आहे. गुडघेदुखीचं कारण सीटची उंची चुकणं हेही असू शकतं, पण माझी सीट बाबांनी मापून बसवली होती. बदल एकच झाला होता, पिवळ्याच्या जागी लाल.

म्हणून दुसरा मुद्दा: पहिली क्लीट मोकळी घ्या. पाय हलण्याची ही सूट म्हणजे ढिलाई नव्हे. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण वेगळी असते आणि पाय आपला कोन आपणच शोधतो. लाल क्लीट वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ज्यांचा कोन जाणकाराने अचूक बसवला आहे, त्यांच्यासाठी त्या आहेत. कौतुकासाठी नाहीत.

तिसरा मुद्दा वेगाचा. अनेकांना वाटतं की पाय अडकलेला असला की पेडल वरही ओढता येतं, म्हणून वेग खूप वाढतो. हे अर्धसत्य आहे. सायकलपटूंना मुद्दाम वर ओढायला सांगून प्रयोगशाळेत मोजमाप केलं, तेव्हा तेवढ्याच कामासाठी त्यांची जास्त ऊर्जा खर्च झाली. मुख्य जोर खाली दाबण्यातूनच येतो. क्लिपलेसचा खरा फायदा वेगळा आहे. पाय दर फेरीला एकाच जागी राहतो, पावसात किंवा खडबडीत रस्त्यावर घसरत नाही, आणि चढावर उभं राहून मारताना भरवसा वाटतो. तो फायदा हवाच. पण त्यासाठी घाई करण्यासारखं काही नाही. सपाट पेडलवर एका हाताने सायकल सरळ ठेवता येते का? मान वळवून मागे बघताना ती रेषेत राहते का? चढावर थांबून पुन्हा निघता येतं का? हे जमेपर्यंत सपाट पेडलच बरी. माझे आजोबा काळ्या अॅटलसवर, सोनिपतच्या कारखान्याच्या सायकलवर, चाळीस वर्षं नोकरीला गेले. पेडलला ते पायडल म्हणतात. त्यांचे गुडघे अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत.

हे मत मी हाउसमध्ये मांडलं तेव्हा एक सिनिअर म्हणाले, "सैनिक आत शिरतानाच सुटायचा विचार करायला लागला, तर झालंच!" हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तर देतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शाहिस्तेखानावर चालून गेले. हजारोंच्या छावणीत मूठभर माणसं घेऊन शिरणं हे धाडस होतंच, पण महाराज तिथून सुखरूप सिंहगडाकडे निघूनही गेले. बाहेर पडायची वाट ठाऊक नसती, तर ते धाडस नुसता आततायीपणा ठरलं असतं. फायरिंग रेंजवरही आपल्याला गोळी झाडण्याआधी रायफल खाली आहे का ते तपासायला शिकवतात. तेव्हा कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही.

आणि ज्यांची नावं घेऊन आपण सायकलवर बसतो, त्यांच्याकडे नीट पाहा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, आणि त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. ही सगळी डॉक्टर मंडळी आहेत, हे मला बोलकं वाटतं. इतकं अंतर शरीराशी खोटं बोलून कापता येत नाही.

ज्यांना तरीही क्लिपलेस घ्यायचीच आहेत, त्यांना माझ्या चुकांतून आलेल्या चार गोष्टी सांगतो. पेडल बसवताना लक्षात ठेवा, उजव्याचे आटे सरळ आणि डाव्याचे उलटे असतात. राइट बंधू विमानाआधी सायकली बनवायचे, त्यांनीही आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलला उलटे आटे दिले होते, म्हणजे चालता चालता ते सैल होऊन निघत नाही. पान्हा वरच्या बाजूला धरून सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवला की दोन्ही पेडल घट्ट होतात. आट्यांना ग्रीस लावा. दुसरं, पेडलच्या स्प्रिंगचा ताण अॅलन कीने कमी-जास्त होतो. तो सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करा. तिसरं, पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊच नका. भिंतीला किंवा कठड्याला धरून सायकलवर बसा आणि प्रत्येक पाय ५० वेळा अडकवा, ५० वेळा सोडवा. मग मैदानात गवतावर. पडलात तरी गवतावर पडाल. चौथं, थांबण्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच, सायकल चालू असतानाच, एक पाय सोडवून ठेवा. तो डावा असू दे. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, तेव्हा तोल गेला तर कडेला जावा, गाड्यांच्या बाजूला नको. आणि झिजलेली क्लीट वेळेवर बदला, कारण ती कधी भलत्याच वेळी सुटते आणि कधी सुटतच नाही.

पालकांना एक विनंती. मुलाने सायकलचं महागडं सामान मागितलं तर लगेच नाही म्हणू नका, पण लगेच होही म्हणू नका. "सगळे वापरतात" हे कारण ऐकलंत तर थांबा. आणि आमचे सर आणि उस्ताद यांनाही एक विनंती. सुटीहून परतल्यावर आमचं वजन घेतलं जातं, नखं आणि केस तपासले जातात. त्याच रांगेत डॉक्टरांचा तो प्रश्नही विचारला जावा, "सुटीत नवीन काय केलंस? कुठे दुखतंय का?" दुखणं सांगितलं म्हणजे संघातून कायमचं नाव गेलं असं वाटलं, तर आम्ही लपवतोच. सांगणाऱ्याला भित्रा म्हणणार नाही, एवढी हमी मिळाली तर लपवणार नाही.

हा लेख देण्याआधी मी हाउसमास्तर सरांकडे गेलो आणि पाय मुरगळला नव्हता हे सांगितलं. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे त्या नववीतल्या मुलालाही सांगून ये." गेलो. ते सरांना सांगण्यापेक्षा अवघड गेलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी धावणार." मी म्हणालो, "धाव."

तीन स्क्रूंची पेडल आणि बूट बाबांनी ग्रुपमधल्या त्या दादाला कमी किमतीत विकून टाकले. लाल क्लीट मी प्रेपच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. दोन स्क्रूंची साधी पेडल गुरुग्रामला माझी वाट बघत आहेत. धाकटी बहीण आतापासूनच फोनवर विचारते, "दादा, तुझे नवे बूट मला होतील का?" मी तिला म्हटलं आहे, दिवाळीत येतो तेव्हा बघू. पण आधी बाल्कनीचा कठडा धरून ५० वेळा.

– कॅडेट, इयत्ता दहावी